वाटेत झिजलेले पैसे

बाजाराच्या तोंडाशी, चाव्या करणाऱ्याच्या टपरीला लागून तिचं चष्म्याचं दुकान होतं. पुढे फ्रेमांचं काचेचं कपाट, मागे पडदा, आणि पडद्यामागे काचा घासायचं यंत्र. लोक तिला भिंगवाली म्हणत आणि तिला ते आवडे. माणूस दारातून आत येतानाच त्याच्या नाकावरून फ्रेम किती घसरणार हे तिला कळायचं. स्वभाव कमालीचा चोख. पाव नंबराचा फरक निघाला तरी काच बाजूला टाकून नवी घासायची, भुर्दंड स्वतः सोसायची. घरातही तीच तऱ्हा. साबणाची चिपटी नव्या वडीला चिकटवणारी बाई. नवरा शाळेत सुतारकाम शिकवायचा. मुलखाचा शांत माणूस. पैशाचं काही निघालं की म्हणायचा, "अर्थखात्याला विचारा," आणि रंधा उचलायचा.

तर या अर्थखात्याने काही वर्षांपूर्वी एक धाडस केलं होतं. ज्या कंपनीच्या काचा ती आयुष्यभर घासत आली ती कंपनी परदेशातली. एवढा माल आपण खपवतो, तर चिमूटभर मालकीही का घेऊ नये, असं तिच्या मनात आलं. तिने फोनवरून परदेशातल्या बाजारात शेअर घ्यायचं खातं उघडलं आणि दर महिन्याला बँकेतून थोडी थोडी रक्कम तिकडे धाडायला लागली. बँकेच्या ॲपवर ठळक अक्षरात लिहिलेलं असायचं, पाठवणावळ शून्य. ते वाचून तिला दर महिन्याला नव्याने बरं वाटायचं.

मग एका सकाळी काचा घासायच्या यंत्राने मान टाकली. दुरुस्त करणारा म्हणाला, आता यात जीव नाही, नवंच घ्या. भिंगवाली डगमगली नाही. अशा वेळेसाठीच तर शेअर होते. तिने त्यातले काही विकले. भाव तिने घेतले तेव्हापेक्षा वर होता. फार नाही, पण वर होता. दोन-तीन दिवसांनी पैसे बँकेत जमा झाल्याचा संदेश आला तेव्हा समोर एक निवृत्त पोस्टमन चष्म्याची दांडी घट्ट करून घ्यायला बसला होता. तिने एका हातात पेचकस धरून दुसऱ्या हाताने फोन उघडला आणि ती उभ्या जागी गार पडली.

त्या शेअरांत जेवढे घातले होते त्यापेक्षा कमी आले होते.

तिने पुन्हा पाहिलं. चष्मा पुसून पाहिला. भाव वाढला आणि पैसे कमी झाले, हे तिच्या डोक्यात शिरेचना. म्हणजे दुधात पाणी न घालता दूध पातळ व्हावं तसं. पोस्टमनने विचारलं, काही वाईट बातमी आहे का? तिने मान हलवली, पेचकस खाली ठेवला आणि त्याला उद्या यायला सांगितलं. त्या दुकानातून गिऱ्हाईक काम न होता परत गेल्याचं त्याने कधी पाहिलं नव्हतं. तो दांडी हातात धरून थोडा वेळ दारातच घुटमळला.

तिला वाटलं, कुणीतरी खात्यात हात घातला. दुकानाचं दार अर्धं ओढून घेऊन तिने शेअरवाल्या कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावला. पलीकडे एक बाई होती, आवाज शांत, घाई नाही. भिंगवालीने चोरीची तक्रार करायला सुरुवात केली. त्या बाईने सगळं ऐकून घेतलं आणि मग एकेक व्यवहार उघडून सांगितलं की चोरी वगैरे काही झालेली नाही. बँक पाठवणावळ घेत नव्हती हे खरं, पण चलन बदलताना जो दर लावत होती तो बाजारातल्या दरापेक्षा वाईट होता. शंभर बदलायला दिले की तीनेक तिथेच गळत होते. शिवाय लाभांशाचे चार पैसे यायचे, ते शेअरवाली कंपनी आपोआप इकडच्या चलनात बदलायची, आणि त्यातून पुन्हा शेअर घेतले की परत तिकडच्या. जाताना चिमटा, येताना चिमटा. आता विकल्यावर सगळी रक्कम परत बदलली गेली, तेव्हा शेवटचा आणि सगळ्यात मोठा.

"हे मला कुणी सांगितलं का नाही?" भिंगवालीने विचारलं.

"दर तुम्हाला दर वेळी दाखवला जातो, बाई. तुम्ही मान्य केल्याशिवाय पैसे पुढे जातच नाहीत."

हे खरं होतं. दर महिन्याला तो आकडा तिच्या डोळ्यांसमोर यायचा आणि ती त्याखालचं बटण दाबायची. लोकांना अक्षरं वाचायला लावून त्यांचे डोळे तपासणारी बाई, आणि तो आकडा कशाशी ताडून पाहावा हे तिच्या मनातही आलं नव्हतं. शून्य हा शब्द वाचून ती तिथेच थांबली होती. फोन ठेवल्यावर तिने बाजारातला दर शोधला, बँकेचा दर शेजारी मांडला. मधली फट पाव नंबराहून कितीतरी मोठी होती.

रात्री ताटावर बसून तिने घास उचललाच नाही. नवऱ्याने सगळं ऐकलं आणि म्हणाला, "आंधळं दळतं नि कुत्रं पीठ खातं म्हणतात ते हेच."

"आंधळी मी का?" ती म्हणाली.

तो बिचारा ताटातली भाजी इकडची तिकडे करत बसला. शेजारी त्याची आई, म्हणजे सासूबाई, मुकाट्याने जेवत होत्या. त्या टेलिफोन खात्यात ऑपरेटर होत्या. दुसऱ्यांचं बोलणं ऐकून न ऐकल्यासारखं करण्यात त्यांची सगळी नोकरी सरलेली, त्यामुळे घरातल्या वादात त्या सहसा पडत नसत. त्या रात्री मात्र जेवण अर्धं टाकून उठल्या. भिंगवालीला वाटलं, आपला त्रागा बघून त्यांना वाईट वाटलं असेल.

पुढचे काही दिवस ती पिसाळल्यासारखी या एकाच विषयामागे लागली. मदत केंद्रातल्या बाईने उपाय सांगितलेच होते. लाभांशाचं आपोआप बदलणं बंद करा. परदेशी चलन ठेवता येईल असं खातं स्वतःच्या नावाने उघडा, म्हणजे शेअर विकले तरी पैसे तिकडच्याच चलनात पडून राहतील. आणि निव्वळ चलन बदलून देणाऱ्या कंपन्या असतात, त्यांचा दर बाजाराच्या बराच जवळ असतो. त्यांच्याकडून अधूनमधून एकदम मोठी रक्कम बदला. पहिले दोन तिने लगेच केले. तिसऱ्यापाशी अडली. त्या कंपन्याही शंभरामागे अर्धा रुपया घेतातच की. एकदा पोळलेल्या माणसाला अर्धाही सोडवेना.

आणि मग एका दुपारी नव्या यंत्रावर काच घासता घासता तिला वन्सं आठवल्या.

वन्सं म्हणजे तिची मोठी नणंद. परदेशात एका विमानतळावर सामान वाहून नेणारे पट्टे असतात ना, त्यांच्या देखभालीचं काम करायच्या. संसार मोडल्यावर मुलीला एकटीने वाढवलेली, कष्टाळू, बोलायला तुटक. दर महिन्याला त्या आईला न चुकता पैसे पाठवत. म्हणजे वन्सं तिकडचं चलन मोडून इकडे धाडत होत्या आणि भिंगवाली इकडचं मोडून तिकडे. दोघींचे पैसे वाटेत एकमेकांना ओलांडून जात होते आणि दोन्हीकडचे बँकवाले आपापला घास काढून घेत होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा! दोघी वर्षानुवर्षं सणावाराला फोनवर बोलत होत्या, पण तब्येत, हवा आणि मुलगी यांपलीकडे बोलणं गेलंच नव्हतं. नणंदेशी पैशाचं कसं काढायचं, हा संकोच.

तिने संकोच गिळला आणि फोन केला. तुम्ही आईंना पाठवता ती रक्कम मी इथे त्यांच्या हातात ठेवते, तुम्ही तेवढीच तिकडे माझ्या खात्यात भरा, बाजाराच्या दराने, ना तुमचं नुकसान ना माझं. वन्संनी ते दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाल्या, "म्हणजे आईला पाठवताना इतकी वर्षं माझेही जात होते?" भिंगवालीने किती जात होते ते सांगितलं. पलीकडे वन्संनी खुर्ची ओढून बसल्याचा आवाज आला.

पहिल्या खेपेला घोटाळा झाला. वन्संनी पैसे थेट शेअरच्या खात्यात भरले. कंपनीला ज्याचं खातं त्याच्याच नावाचे पैसे लागतात. दुसऱ्याचं नाव बघून त्यांनी पैसे परत केले आणि खुलासा येईपर्यंत खातं कुलूपबंद. भिंगवालीच्या काळजात धस्स झालं. तिने नात्याची कागदपत्रं पाठवली, बँकेतल्या अधिकाऱ्याला भेटून हे नियमात बसतं ना ते विचारून घेतलं, तेव्हा कुठे कुलूप निघालं. मग वन्सं तिच्या परदेशी चलनाच्या खात्यात भरायला लागल्या, तिथून ती शेअरच्या खात्यात. वाटेत काही झिजत नव्हतं. सासूबाईंच्या हातात ती दर महिन्याला पाकीट ठेवायची. नवरा म्हणाला, अर्थखातं जिंकलं. तीही थोडी फुगली.

सासूबाई मात्र खंतावत चालल्या होत्या.

पाकीट हातात घ्यायच्या, कपाटात ठेवायच्या, काही बोलायच्या नाहीत. पूर्वी महिन्यातून एकदा त्या नीट साडी नेसून, केस विंचरून बँकेत जाऊन यायच्या. ते थांबलं होतं. मग एक दिवस जेवताना म्हणाल्या, लेकीचे पैसे बँकेतच आलेले बरे. भिंगवालीने पुन्हा पहिल्यापासून समजावलं, दर, फट, चिमटे. सासूबाईंनी मान डोलावली आणि पुढच्या आठवड्यात तेच म्हणाल्या. पाकिटात कमी असतात का, असं भिंगवालीने जरा तिखटपणेच विचारलं. तसं नाही, त्या म्हणाल्या. मग कसं, ते सांगेनात. शेवटी नवऱ्याने ताट बाजूला सारलं. तो असा मधे पडत नसे. "आई," तो म्हणाला, "ते पैसे तू काय करतेस?"

सासूबाईंनी पदराला हात पुसले. मग अगदी सरळ, नोकरीत जोडणी लावून देताना बोलत असतील तशा आवाजात म्हणाल्या, "मी ते नातीला पाठवायचे."

"कुठल्या नातीला?" भिंगवालीने विचारलं. नात एकच होती. वन्संची मुलगी.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. आपल्याला निवृत्तिवेतन आहे, डोक्यावर छप्पर आहे, लेकीच्या घामाचे पैसे घेऊन करायचंय काय, असं सासूबाईंना पहिल्या महिन्यापासून वाटत होतं. पण नको म्हटलं तर लेक दुखावेल. आईला सांभाळतेय हा तिचा अभिमान होता. म्हणून त्या पैसे घेत आणि दर महिन्याला बँकेच्या शाखेत जाऊन, खिडकीवर उभं राहून, आहेत तसेच्या तसे नातीच्या नावाने परत परदेशी पाठवून देत. पाकिटं सुरू झाल्यावर मात्र रोकड कुठून आली असं खिडकीवर विचारलं, म्हणून ती कपाटातच साठत होती. नातीने तिकडे शेअरचं खातं उघडलं होतं. आजी, यात टाकत राहिलं की पुढे शिकायला होतील, असं तिने सांगितलं होतं. वन्संना सांगायचं नाही, असं आजी-नातीचं ठरलेलं.

भिंगवालीने मनात तो रस्ता पुन्हा चालून पाहिला. वन्सं तिकडचं चलन मोडत, वाटेत चिमटा. इकडे आल्यावर सासूबाई ते पुन्हा तिकडच्या चलनात मोडत, आणि खिडकीवरचा दर तर ॲपपेक्षाही वाईट, वर पाठवणावळ वेगळी. आणि पैसे जाऊन पोचत कुठे, तर ज्या घरातून निघाले त्याच घरात, शेजारच्या खोलीत. तेही नुसते परदेशातल्या शेअरच्या खात्यात घालायला. परदेशी शेअर घेणारी घराण्यातली पहिली बाई म्हणून ती मिरवत होती, आणि शेजारच्या पलंगावर तिच्याहून मोठी गुंतवणूकदार स्वेटर विणत बसलेली.

"त्या रात्री तू सांगितलंस ना, दरात जातात म्हणून," सासूबाई म्हणाल्या, "तेव्हाच मी जेवण टाकून उठले. पण बोलू कशी?"

नवरा हसायला लागला होता, पण आईचा चेहरा बघून त्याने हसू आवरलं.

वन्संना सांगायचं की नाही यावर बराच वेळ गेला. सासूबाई नको म्हणत होत्या. पण सांगितल्याशिवाय आता गत्यंतर नव्हतं. फोन भिंगवालीनेच लावला, आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा करून मधे ठेवला. तिला वाटत होतं, वन्सं चिडतील, नाहीतर हसतील. तिने जमेल तितकं मऊ करून सांगितलं. फोन तुटला की काय म्हणून तिने उचलून पाहिला.

मग वन्संचा आवाज आला, अगदी बारीक. "मी रविवारची पाळी त्यासाठीच घेते."

भिंगवालीने फोन टेबलावर परत ठेवला.

"आठवड्यातल्या सहा दिवसांचा पगार घराला पुरतो," वन्सं सांगत होत्या, जणू स्वतःलाच. "आईला पाठवायचं म्हणून मी रविवारी जाते. पट्ट्याखाली आडवी होऊन काम असतं. पोरगी म्हणायची, नको जाऊस. मी म्हणायचे, आजीला लागतात गं. आणि ती..." पुढचं त्यांनी गिळलं. नातीला ठाऊक होतं की आई कशासाठी जाते. ते पैसे कुठे येतात तेही ठाऊक होतं. दोन्ही गोष्टी तिने कधी जोडून पाहिल्या नव्हत्या, की पाहिल्या होत्या आणि आजीला दिलेला शब्द मोडवला नाही, ते त्या फोनवर कळण्यासारखं नव्हतं.

सासूबाई उठून फोनजवळ आल्या. लेक एवढे सगळे रविवार कामावर जाते हे त्यांना ठाऊकच नव्हतं. पगारातून उरतात ते पाठवते, असंच त्या धरून चालल्या होत्या. त्यांनी टेबलाची कड धरली. "अगं, मला सांगायचंस," त्या म्हणाल्या.

"तू सांगितलंस का?" वन्सं म्हणाल्या.

त्या रात्री भिंगवालीला झोप लागली नाही. चलनाच्या फटीतून किती गेलं ते मोजायला ती निघाली होती. रविवार कसे मोजायचे ते तिला कळेना. नवरा अंधारातच म्हणाला, झोप आता. पण तोही जागाच होता.

पुढे काय झालं ते साधंच आहे. वन्संनी आईला पैसे पाठवणं बंद केलं आणि रविवारची पाळी सोडली. मायलेकींचं तिकडे चांगलंच वाजलं असावं, कारण दोन आठवडे नातीचा फोन आला नाही, आणि मग आला तेव्हा ती आजीशी कधी नव्हे इतकं अदबीने बोलत होती. सासूबाई एकदा बँकेत जाऊन आल्या. खिडकीवरच्या मुलीला त्यांनी विचारलं, इतक्या वेळा मी आले, दरात एवढे जातात हे तू एकदाही का बोलली नाहीस? ती मुलगी दचकलीच. आजी, ती म्हणाली, मला दर वरून येतो, मी तो भरते, बाजारात किती आहे हे मीही कधी पाहिलेलं नाही. सासूबाई तिच्यावर रागवायला गेल्या होत्या. परत आल्या त्या तिची कीव करत.

भिंगवालीचं मात्र हातचं गेलं. वन्सं पाठवत नाहीत म्हटल्यावर अदलाबदल कुणाशी करणार? तिची ती बिनखर्चाची वाट दुसऱ्याच्या रविवारांवर बांधलेली होती, आणि हे कळल्यावर तिला ती परत नकोही होती. चलन बदलून देणाऱ्या कंपनीकडे तिने निमूट खातं उघडलं. आता ती तीन महिन्यांचे पैसे साठवते, त्या दिवशीचा बाजारातला दर आधी पाहते, आणि एकदाच बदलते. शंभरामागे अर्धा रुपया जातो तो जातो. सासूबाई आपल्या निवृत्तिवेतनातून नातीसाठी थोडे बाजूला काढतात, तेही त्याच वेळी त्याच कंपनीकडून जातात. थोडेच असतात, पण ते त्यांचे स्वतःचे. वन्संना ते माहीत आहे.

पाळी सुटल्यानंतरच्या पहिल्या रविवारी दुपारी वन्संचा फोन आला. भिंगवाली घरी दुकानाचा गल्ला मोजत होती, सासूबाई विणत होत्या. वन्संना तसं काहीच सांगायचं नव्हतं. सकाळी उशिरा उठले, म्हणाल्या. पोरीने अंडी उकडली. आता खिडकीशी बसलेय.

"बरं आहेस ना?" सासूबाईंनी विचारलं.

"काय करू तेच कळत नाहीये," वन्सं म्हणाल्या.

सासूबाईंनी सुया मांडीवर ठेवल्या. मग त्या लेकीला खाली काय दिसतंय ते विचारायला लागल्या, आणि वन्सं सांगायला लागल्या: कुणीतरी सायकल धुतंय, समोरच्या गच्चीवर चादरी वाळत घातल्यात, वारा आहे. भिंगवालीने गल्ला बंद केला आणि ऐकत बसली.